रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे: एका ऑनलाइन कोर्सचा अनुभव

मी बँकेत संशयास्पद व्यवहार तपासते. पैसा तीन देश फिरून परत येतो, आम्ही अहवाल पाठवतो आणि पुढे त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. निदान वाट तरी कळावी म्हणून सीमापार गुन्हेगारीच्या कायद्याचा हा बारा आठवड्यांचा कोर्स केला. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

मला वाटलं होतं, सगळं हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दल असेल. पहिल्याच तासाला सरांनी ते डोक्यातून काढून टाकलं. ते न्यायालय वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण एवढंच बघतं. अमली पदार्थांची तस्करी, मनी लाँडरिंग त्याच्या दारापर्यंत पोचतच नाही. आणि गंमत बघा, १९८९ मध्ये त्रिनिदाद-टोबॅगोने अशा न्यायालयाचा विषय संयुक्त राष्ट्रांत पुन्हा काढला, तो अमली पदार्थांच्या तस्करीसाठीच!

मग उरतं काय? करार, आणि प्रत्येक देशाचा आपापला कायदा. २००० सालचा पालेर्मो करार, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, सरांनी कलमागून कलम वाचून घेतला. तीन किंवा जास्त माणसं असली तर टोळी, कमाल शिक्षा चार वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर गंभीर गुन्हा. कंटाळवाणं वाटतं, पण दुहेरी गुन्ह्याचं तत्त्व (कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे) शिकवताना त्यांनी 'आय लव्ह यू' व्हायरसचं उदाहरण घेतलं आणि मी वही बाजूला ठेवून ऐकत बसले. मे २०००. व्हायरस फिलिपिन्समधून सुटला, जगभरचे मेल सर्व्हर बसले, संशयितही सापडला. पण तिथे तेव्हा त्या कृत्याला नीट लागू पडेल असा कायदाच नव्हता. आपल्याकडे जो गुन्हाच नाही त्यासाठी माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली कसा करणार? पुढच्याच महिन्यात कायदा झाला, पण तो मागच्या तारखेने लावता येईना.

पैसे वसूल झाले ते सातव्या आठवड्यात. एका काल्पनिक प्रकरणात परदेशातल्या खात्याचे तपशील मागणारं विनंतीपत्र लिहायचं होतं. पालेर्मो कराराच्या १८व्या कलमात वाचलं की बँकेची गोपनीयता पुढे करून मदत नाकारता येत नाही. मी खूश! झोकात लिहिलं, 'सदर खात्याची संपूर्ण माहिती मिळावी.' पत्र परत आलं ते लाल शाईने माखून: 'कोणत्या काळातली? कोणत्या गुन्ह्यासाठी? खात्याचा त्या गुन्ह्याशी संबंध काय? अंधारात तीर मारू नका.' त्याच कलमात विनंतीत काय काय हवं याची यादी आहे आणि ती पुरी नसेल तर नाकारायची मुभाही. ते पत्र मी चार वेळा लिहिलं. आता ऑफिसात अहवाल लिहितानाही हात आधी तारखांकडे जातो.

माझ्या विषयाचा आठवडा मात्र अगदीच पातळ. मनी लाँडरिंगविरुद्धचे निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ४० शिफारशी वीस मिनिटांत गुंडाळल्या. सायबर गुन्ह्यांत २००१ च्या बुडापेस्ट करारावर गाडी थांबली. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ च्या डिसेंबरात नवा करार मंजूर केलाय, त्याचा पत्ताच नाही. रेकॉर्डिंग जुनं आहे हे कोर्सच्या पानावर लिहायला काय हरकत होती?

आणि ती चाचणी! प्रश्न होता, रेड नोटीस म्हणजे काय. मी टिक केलं: इंटरपोलने सदस्य देशांना केलेली शोधाची आणि तात्पुरत्या अटकेची विनंती, जिचं काय करायचं ते प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. चूक! त्यांचं 'बरोबर' उत्तर होतं आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट. सरांनी नेमका हाच गैरसमज पाऊण तास खोडून काढला होता. मेल केला, अकरा दिवसांनी 'दखल घेतली आहे' एवढं उत्तर आलं. प्रश्न गुपचूप बदलला, माझा मार्क काही दिला नाही.

पाचपैकी साडेतीन. वकील, पत्रकार, माझ्यासारखे बँकवाले यांनी जरूर करावा. थरारक तपासकथा हव्या असतील तर तिसऱ्या आठवड्यातच झोप येईल. आणि विनंतीपत्राच्या आठवड्यात दुसरं कुठलंही काम ठेवू नका.