ईएससीचं टायमिंग: कमी ठेवावं की वाढवावं?

रिमोटवर चालणारी नवी ब्रशलेस बोट (ब्रश नसलेल्या विजेच्या मोटरची), हातात ईएससीची, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटची, सेटिंग्ज बदलणारं प्रोग्रॅमिंग कार्ड आणि प्रश्न एकच: टायमिंग, म्हणजे मोटरच्या कॉइलला वीज किती आधी द्यायची ते, ७.५ अंशांवर ठेवायचं की २२.५ वर न्यायचं?

वेगात जास्त टायमिंग सरस. मोटरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) थोडा वाढतो, हे खरंच आहे.

पण उष्णतेचा हिशेब आधी बघा. थ्रॉटल सोडला की रिमोटची गाडी आपसूक घरंगळते; बोटीच्या प्रॉपला (पाण्यातल्या पंख्याला) मात्र पाणी सतत अडवतं, मोटरला उसंत मिळत नाही. टायमिंग वाढवलं की मिळालेल्या वेगाच्या मानाने करंट बराच जास्त खेचला जातो. वॉटर कूलिंगचं पाणी नळीतून नीट बाहेर पडत असलं तरी मोटर आतून तापतेच, आणि लायपो बॅटरी लवकर उतरते.

सुरळीतपणाचं गणित मोटरवर ठरतं. दोन-चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) इनरनर, म्हणजे आतला भाग फिरणारी मोटर, कमी टायमिंगवर छान चालते. जास्त पोलची आउटरनर, म्हणजे बाहेरचं कवच फिरणारी मोटर, तिथे अडखळू शकते. तिला १५ ते २२.५ लागतं.

माझं मत स्पष्ट आहे: इनरनर असेल आणि तळ्यावर निवांत फिरवायची असेल, तर कमीच ठेवा. वेग हवा असेल तर आधी प्रॉप बदलून पाहा. आउटरनरवाल्यांनी मध्यम ते जास्त घ्यावं. छोट्या शर्यतीसाठी इनरनरला थोडं वाढवायचं असेल, तर एकेक पायरी चढा आणि दर फेरीनंतर मोटरचं तापमान मोजा.