डेव्हिड ओरायलीचे लघुपट: कडा दातेरीच दिसायला हव्यात

आयर्लंडमधलं किल्केनी हे छोटं शहर ॲनिमेशनवाल्यांना 'कार्टून सलून' या स्टुडिओमुळे माहीत असतं. हाताने काढलेली चित्रं, वळणदार रेघा, जुन्या हस्तलिखितांतली नक्षी, हे त्यांचं काम. डेव्हिड ओरायली (जन्म १९८५) त्याच गावचा, पण त्याची वाट पार उलटी. त्याच्या फिल्म संगणकावर बनतात आणि आपण संगणकावर बनलोय हे अजिबात लपवत नाहीत. २००९ साली कार्टून सलूनचा 'द सीक्रेट ऑफ केल्स' हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी ओरायलीच्या 'प्लीज से समथिंग'ला बर्लिन चित्रपट महोत्सवात लघुपटाचं गोल्डन बेअर पारितोषिक मिळालं. एकाच गावातून एकाच वर्षी ही दोन टोकं निघाली, यातच आयर्लंडच्या ॲनिमेशनबद्दल बरंच काही आलं.

बडोद्यात हे लघुपट बघायचे तर दोनच मार्ग: नेटवर फुकट बघणं, नाहीतर फाइन आर्ट्सच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत प्रोजेक्टर लावून चार लोकांनी मिळून बघणं. दुसरा मार्ग कितीतरी चांगला. पण नीट तयारी केली नाही तर हेच लघुपट पडद्यावर अर्धवट राहिलेल्या होमवर्कसारखे दिसतात, आणि प्रेक्षक दोष दिग्दर्शकाला देतात. म्हणून इथे फिल्म कशी आहे आणि ती दाखवायची कशी, हे दोन्ही एकत्रच लिहिलंय.

आधी 'प्लीज से समथिंग', कारण ओरायलीच्या लघुपटांत सगळ्यांत वर तीच. दूरच्या भविष्यकाळातल्या एका मांजरीच्या आणि उंदराच्या संसाराची ही गोष्ट. उंदीर आपल्या कामात बुडालेला. त्याने एकदा तरी मान वर करून बघावं म्हणून मांजर धडपडते, आणि घरात हातही उगारला जातो. फिल्मचे २३ भाग आहेत, प्रत्येक बरोबर २५ सेकंदांचा. हिशेब केला तर ५७५ सेकंद होतात, म्हणजे ९ मिनिटं ३५ सेकंद. श्रेयनामावली धरून दहा मिनिटं. या मापाचा परिणाम फिल्म चालू असताना अंगावर येतो. प्रसंग दुःखाचा आहे म्हणून त्याला दोन सेकंद जास्त मिळत नाहीत. भावना पुरती उमलायच्या आत कट पडतो आणि पुढचा भाग सुरू होतो. एडिटिंग शिकणाऱ्याने हातात घड्याळ घेऊन एकदा बघावं: कोणत्या भागात घटना दहाव्या सेकंदाला घडते आणि उरलेले पंधरा नुसते सोसायला सोडलेत, कोणत्या भागात ती चोविसाव्या सेकंदाला येते. सगळं कसब तिथे आहे.

आता त्या कडा. नेहमीच्या थ्रीडी रेंडरमध्ये, म्हणजे संगणक अंतिम चित्र तयार करतो तेव्हा, सॉफ्टवेअर एका पिक्सेलच्या आत अनेक ठिकाणचे रंग तपासतं आणि त्यांची सरासरी काढतं, त्यामुळे तिरकी रेघ मऊ, गुळगुळीत दिसते. ओरायलीने हे बंद ठेवलं. काम करताना ॲनिमेटरला स्क्रीनवर जे झटपट प्रिव्ह्यू दिसतं, तेच त्याने अंतिम चित्र म्हणून वापरलं. तिथे पिक्सेल एकतर मांजरीचा, नाहीतर भिंतीचा. मधलं काही नाही, म्हणून प्रत्येक तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांची.

यामागे आधी साधा व्यवहार आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ५७५ सेकंदांच्या १३,८०० फ्रेम होतात. एका फ्रेमला दहा मिनिटं रेंडर धरलं तर एका मशीनवर २,३०० तास, म्हणजे सुमारे ९६ दिवस दिवसरात्र. एखादा प्रसंग जमला नाही म्हणून पुन्हा करायचा तर पुन्हा तेवढी वाट. प्रिव्ह्यू जवळजवळ लगेच निघतं, त्यामुळे एकटा माणूस अख्खे प्रसंग फेकून नवे करू शकतो. पण नुसती बचत म्हणून हे टिकलं नसतं. आपल्या कामाबद्दल लिहिलेल्या निबंधात ओरायलीने मांडलेला मुद्दा असा की प्रेक्षकाचा विश्वास बसतो तो चित्र वास्तवाच्या किती जवळ आहे यावर नाही, तर फिल्मच्या जगाचे नियम किती कसोशीने पाळले गेलेत यावर. सगळंच दातेरी असेल तर दहा सेकंदांत डोळा ते मान्य करतो आणि मांजरीकडे बघायला लागतो. एकच वस्तू गुळगुळीत असती तर सगळा डाव फसला असता.

आणि नेमका हाच डाव आपले प्रोजेक्टर उधळतात. सगळ्यांत मोठा गुन्हेगार कीस्टोन. प्रोजेक्टर टेबलावर खाली ठेवतात, चित्र वर रुंद होतं, मग बटण दाबून ते चौकोनी करतात. हे करताना मशीन प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजून पसरवतं, आणि पायऱ्यांच्या जागी धुरकट कडा येते, तीही वर-खाली वेगवेगळी. उपाय फुकटचा आहे: प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात राहील अशा उंचीवर ठेवा आणि कीस्टोन शून्य करा. अंतराचा हिशेब आधीच करून ठेवा. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्राला १२ फूट अंतर लागतं. खोली तेवढी लांब नसेल तर चित्र लहान ठेवा, प्रोजेक्टर वाकडा करू नका.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशन. वर्गातले जुने प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचे असतात. १९२० रुंदीची फाइल त्यात कोंबली की दोन पिक्सेलांतून एक, कधी एकातून एक, असं वेडंवाकडं गाळणं होतं आणि बारीक रेघा चालताना लुकलुकतात. फुल एचडी प्रोजेक्टर मागवा आणि लॅपटॉपचं आउटपुटही १९२० गुणिले १०८० लाच ठेवा. फाइल त्याहून लहान असेल तर ती ताणून पडदा भरण्यापेक्षा व्हीएलसी प्लेअरमध्ये मूळ आकारात चालवा, भोवती काळं राहिलं तरी चालेल. एमपीव्ही प्लेअरमध्ये स्केलिंगला 'निअरेस्ट' निवडता येतं, तेव्हा मोठं केलं तरी कडा टोकदार राहतात. त्यातही दुपटीसारखा पूर्ण पट घ्यावा. दीडपट केलं की काही पायऱ्या जाड आणि काही बारीक दिसतात.

मग प्रोजेक्टरच्या मेनूत जा. पिक्चर मोड 'सिनेमा', शार्पनेस मधल्या किंवा सर्वांत खालच्या आकड्यावर. शार्पनेस वाढवून कडा जास्त ठळक होतील असं वाटतं, होतं मात्र असं की प्रत्येक पायरीला पांढरी किनार फुटते. ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्राच्या कडा कापणारी सोय, बंद. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल मऊ करणारी सोय, कंपनीगणिक तिचं नाव वेगळं असतं, ती आधी बंद करा. ती दोन फ्रेमच्या मधली खोटी फ्रेम बनवते, आणि ओरायलीची झटक्याची हालचाल तुपात घोळल्यागत दिसते. काळा रंग राखाडी दिसत असेल तर एचडीएमआय जोडणीची रंगांची रेंज तपासा: लॅपटॉप 'लिमिटेड'वर आणि प्रोजेक्टर 'फुल'वर, असं झालेलं असतं.

नेटवरून थेट चालवणं टाळावं. वेग कमी झाला की साइट गुपचूप ४८० रेघांच्या अस्पष्ट चित्रावर उतरते. शिवाय अशा व्हिडिओत रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवलेली असते, त्यामुळे लाल-गुलाबी रेघा आधीच थोड्या पसरलेल्या असतात. त्यात कॉम्प्रेशनची भर पडली की सपाट रंगाच्या भागात चौकटी दिसतात. निर्मात्याकडे रीतसर विचारणा करून चांगली फाइल मिळवणं हाच सरळ मार्ग.

परवानगीचं आलंच आहे तर तेही सांगून टाकू. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला आपल्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरता चित्रपट दाखवायची मुभा आहे. दांडिया बाजारातल्या एखाद्या मंडळाच्या सभागृहात सगळ्यांसाठी खेळ लावलात, तर प्रवेश फुकट असला तरी परवानगी लागते.

'द एक्स्टर्नल वर्ल्ड' (२०१०) व्हेनिस महोत्सवात पहिल्यांदा दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी सनडान्स महोत्सवाला गेली. एक मुलगा पियानो शिकतोय, चुकला की शिक्षकाची थप्पड बसते, आणि या धाग्याभोवती असंख्य छोटे प्रसंग, असंख्य पात्रं. जुने व्हिडिओ गेम, जपानी ॲनिमे, शनिवार सकाळची कार्टून्स, सगळ्यांच्या चेहऱ्याची माणसं इथे येतात आणि बहुतेकांचं वाईट होतं. कल्पनांचा मारा इतका की पहिली पाच मिनिटं थक्क व्हायला होतं. आमच्या मते मधल्या भागात मात्र धक्के एकमेकांना बोथट करतात. काही विनोद फक्त बिभत्स आहेत, त्यांच्या तळाशी काही नाही. फिल्म सावरते ती पियानोमुळे. दर वेळी त्या मुलाकडे परत गेलं की ती पुन्हा माणसांची होते. 'प्लीज से समथिंग' इतकी घट्ट ती नाही, पण महत्त्वाकांक्षा तिच्यात जास्त आहे.

आयोजकांनी एक गोष्ट ठळक छापावी: ही फिल्म मुलांसाठी नाही. कार्टून म्हटलं की आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, आणि इथे शिव्या, रक्त, लैंगिक मजकूर सगळं आहे. पत्रकावर १८ वर्षांवरील असं लिहा आणि दारातही सांगा.

'एव्हरीथिंग' (२०१७) हा मुळात व्हिडिओ गेम. त्याच्या चित्रीकरणावर ॲलन वॉट्स या तत्त्वचिंतकाच्या व्याख्यानांचा आवाज बसवून केलेली सुमारे अकरा मिनिटांची फिल्म व्हिएन्नाच्या लघुपट महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार घेऊन गेली, आणि त्यामुळे ऑस्करच्या स्पर्धेला पात्र ठरली. गेममधून आलेल्या फिल्मला हा मान पहिल्यांदाच मिळाला. यात एक बघण्यासारखी जागा आहे. अस्वल चालत नाही. ते ताठ उभ्याचं कोलांटी खातं, पाव वळण, मग पुन्हा पाव वळण, पाय न हलवता. चार पायांच्या प्राण्याची चाल नीट बसवायला ॲनिमेटरला किती खपावं लागतं हे ज्याला माहीत आहे त्याला आधी हसू येईल. पण सगळेच प्राणी असे चालायला लागले की तो त्या जगाचा नियम होतो, आणि वाचलेली मेहनत अणूपासून आकाशगंगेपर्यंतच्या वस्तू बनवायला मोकळी होते. फिल्म म्हणून ती वॉट्सच्या आवाजावर बरीच टेकलेली आहे. आवाज बंद केला तर पाच मिनिटांत गळते.

'ऑक्टोकॅट ॲडव्हेंचर' (२००८) मोठ्या पडद्यावर लावू नका. नऊ वर्षांच्या मुलाने पेंटमध्ये चिताडलंय असा आव आणत ती भागाभागाने यूट्यूबवर टाकली होती, आणि मजा त्या लहानशा खिडकीतच आहे. फोनवर, सगळे भाग सलग, शेवट आधी कुणाला न सांगता.

याशिवाय 'ॲडव्हेंचर टाइम' मालिकेचा २०१३ चा एक भाग आणि त्याच वर्षीच्या 'हर' चित्रपटातल्या व्हिडिओ गेममधलं शिवराळ परग्रही पोर हेही त्याचंच काम. दोन्ही बघावेत, पण ओळख करून घ्यायला ते पुरे नाहीत. एकट्या माणसाने हाताशी असेल त्यातून हालचाल काढायची परंपरा बडोद्याला नवी नाही. कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' काड्यापेटीतल्या काड्या हलवूनच केली होती.

तिन्ही मोठ्या फिल्म मिळून साधारण चाळीस मिनिटांचा खेळ होतो. क्रम असा ठेवावा: आधी 'एव्हरीथिंग', म्हणजे डोळे आणि कान त्याच्या जगाला सरावतात. मग 'प्लीज से समथिंग'. मग दहा मिनिटं दिवे लावून चहा, आणि शेवटी 'द एक्स्टर्नल वर्ल्ड'. हा क्रम उलटा केला की गोंगाटानंतर मांजरीची घुसमट कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाची पातळी 'द एक्स्टर्नल वर्ल्ड'च्या सगळ्यांत मोठ्या प्रसंगावर लावून घ्या आणि तिथेच ठेवा. शांत जागी वाढवत बसलात तर पुढच्या थपडेला स्पीकर फाटतो.

नवरात्रात खेळ ठेवू नये. गरब्याचा आवाज बडोद्यातल्या कुठल्याही खोलीत पोचतो. एप्रिल-मे मध्ये खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या की खोली तापते आणि प्रोजेक्टर गरम होऊन मध्येच बंद पडतो. त्याच्या मागे-बाजूला फूटभर जागा मोकळी ठेवा, जाळीवरची धूळ आधी झटका. डिसेंबर-जानेवारीत, दिवेलागणीनंतर, उत्तरायणाचा आठवडा सोडून ठेवलेलं बरं.

'प्लीज से समथिंग'मधली पात्रं चिवचिवाटासारखं बोलतात आणि अर्थ इंग्रजी सबटायटलमध्ये येतो. मागच्या रांगेत ती अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून खुर्च्या चित्राच्या रुंदीच्या तिप्पट अंतराच्या आतच मांडा. मराठी सबटायटल करायची असतील तर एका ओळीत ३५-४० अक्षरांच्या वर जाऊ नका, ती चित्राच्या वरच्या बाजूला ठेवा म्हणजे इंग्रजीवर चढणार नाहीत. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. व्हीएलसीमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडून आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर चालवून बघा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात किंवा वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतात.