'उमेदवार' या एका शब्दावर पारखलेली शब्दकोश-सेवा

शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'ने मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे, तुळपुळे-फेल्डहाउस असे मराठीचे मोलाचे कोश एकाच ठिकाणी, विनामूल्य आणि नावनोंदणीशिवाय खुले केले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी शाळांच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ही सेवा कितपत उपयोगी पडेल, हे जोखण्यासाठी मी निवडणुकीच्या दिवसांत भिंतीभिंतीवर दिसणारा 'उमेदवार' हा शब्द घेतला.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे. तीत या शब्दापुढे फारसीची खूण आहे आणि अर्थ आहे तो आशेवर असलेला, नोकरीची किंवा आपल्या अर्जाला अनुकूल उत्तर मिळण्याची वाट पाहणारा. मतदानाचा तेथे संबंध नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मुंबई इलाख्यात तेव्हा निवडणुका नव्हत्या; होत्या त्या सरकारी कचेऱ्या आणि पुढेमागे जागा मिळेल या आशेने तेथे बिनपगारी काम शिकणारे तरुण. वकिलाच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केली, असे आपण अजूनही म्हणतो, तो हाच जुना अर्थ. त्याच संकेतस्थळावर स्टाइनगास यांचा फारसी कोशही असल्यामुळे 'उमेद' म्हणजे आशा आणि 'वार' हा ती बाळगणारा असे दर्शविणारा प्रत्यय, इथपर्यंत जागचे न हलता पोहोचता येते. हिंदीतील 'प्रत्याशी'च्या पोटातही आशाच आहे.

सीमाभागातील वाचकाला हा शोध अधिक जवळचा वाटावा असे मला मनापासून वाटते. येथील कन्नड वृत्तपत्रे उभ्या राहिलेल्या व्यक्तीला बहुधा 'अभ्यर्थी' म्हणतात, पण अर्ज भरण्याची बातमी देताना 'उमेदुवारिके सल्लिके' असे छापतात. म्हणजे एकाच फारसी शब्दाला मराठीने 'ई' लावून उमेदवारी केली आणि कन्नडने आपला 'इके' लावला. मोल्सवर्थने दिलेला अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारा हा अर्थ तर बेळगावच्या इतिहासात अक्षरशः खरा ठरलेला आहे. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत या एका मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे होते, आणि त्यांतील बहुसंख्यांना जागा जिंकायची नव्हती, तर १९५६पासून न सुटलेल्या सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधायचे होते. त्याच वर्षी कायद्यात बदल होऊन लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली.

सेवेतील उणिवाही सांगायला हव्यात. मोल्सवर्थ आणि वझे यांचे अर्थ इंग्रजीत आहेत, तेही जुन्या वळणाच्या, त्यामुळे मराठी माध्यमातील आठवी-नववीच्या मुलाला ते शिक्षकाच्या मदतीशिवाय उलगडत नाहीत. भाषांच्या खुणा एकेका अक्षराच्या असतात आणि त्यांचा खुलासा मूळ ग्रंथाच्या प्रारंभीच्या पानांत शोधावा लागतो. जुन्या कोशांत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ जुन्या पद्धतीचे आहेत. आजच्या शुद्धलेखनाने शब्द घातला की कित्येकदा हाती काहीच लागत नाही, आणि शब्द मराठीत नाहीच असा नवख्याचा समज होतो. मराठी नोंदीवरून तिच्या कन्नड रूपाकडे नेणारी वाटही नाही, जी आपल्या भागाला सर्वांत जास्त हवी आहे.

तरीही १९३२ ते १९५० या काळात प्रसिद्ध झालेले दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे जाडजूड खंड खेड्यातल्या किती शाळांत असतील, याचा विचार केला म्हणजे या सेवेची किंमत कळते. शिक्षकांनी आरंभ दाते-कर्वे यांच्यापासून करावा, कारण तेथे अर्थ मराठीत आहे आणि व्युत्पत्ती नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मिळते. मोल्सवर्थ त्यानंतर उघडावा. कन्नड रूप मात्र वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलांकडूनच विचारून घ्यावे. ते त्यांना ठाऊक असते.