डिनर जॅकेट ठरवताना: कमरबंद की वेस्टकोट, भाड्याचं की स्वतःचं?

आमंत्रणावर ‘ब्लॅक टाय’, म्हणजे डिनर जॅकेट आणि काळी बो टाय असा संध्याकाळचा औपचारिक पोशाख, दिसलं की बहुतेक जण आधी कॉलर आणि बो टायच्या मागे लागतात. माझा आग्रह आहे की सुरुवात कमरेपासून करावी. जॅकेटचं बटण आणि पॅंटची वरची कड यांच्यामधून शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावला, तर कापड कितीही उंची असो, पोशाख विस्कटतो. बटण कमरेच्या सर्वांत बारीक भागावर यावं आणि पॅंट बेंबीच्या आसपास बसावी. रोजच्या जीन्ससारखी खाली घसरलेली पॅंट इथे चालत नाही. म्हणूनच या पॅंटला बेल्ट ओवायचे लूप नसतात. ती सस्पेंडरने खांद्यावरून तोलली जाते किंवा बाजूच्या छोट्या बकलने आवळली जाते.

आमंत्रणावर ‘व्हाइट टाय’ असेल तर फारसं ठरवायचं उरतच नाही: टेलकोट (मागे लांब शेपटं असलेला कोट), पिके या उठावदार विणीच्या सुती कापडाचा पांढरा वेस्टकोट, उभ्या कॉलरचा शर्ट, पांढरी बो. स्टॉकहोमला 10 डिसेंबरच्या नोबेल समारंभात पुरुष हेच घालतात. पाहायचं ते एवढंच, की वेस्टकोटची खालची कड टेलकोटच्या पुढच्या कडेखाली दिसता कामा नये. भाड्याच्या सेटमध्ये ही चूक सर्रास आढळते. पुढचं सगळं ब्लॅक टायबद्दल.

कमरबंद आणि वेस्टकोट, दोघांचं काम एकच: पॅंटची कंबर झाकणं. कमरबंद म्हणजे कमरेभोवती बांधायचा चुण्यांचा रुंद पट्टा. तो हलका असतो, उकाड्यात सुखाचा, आणि अंगकाठी सडपातळ असेल तर फार देखणा दिसतो. पण पोट पुढे असेल तर तो बसता-उठता वर सरकतो किंवा दुमडतो. काही कमरबंदांना आतून छोटा लूप असतो, तो पॅंटच्या बटणात अडकवला की सरकणं बरंच थांबतं. घेताना हा लूप आहे का ते नक्की बघा. चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवायची, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

वेस्टकोट जागचा हलत नाही आणि भरदार अंगाला तो मला नेहमी जास्त शोभलेला दिसतो. मात्र तो संध्याकाळच्या पोशाखाचाच हवा: गळा खोल, बटणं तीन किंवा चार, शर्टाची छाती आणि स्टड (शर्टाला लावायची सुटी शोभेची बटणं) मोकळे दिसतील असा. ऑफिसच्या थ्री-पीस सूटचा उंच गळ्याचा वेस्टकोट घातला तर शर्टाची सगळी शोभा झाकली जाते. जॅकेट डबल-ब्रेस्टेड, म्हणजे पुढच्या बाजू एकमेकींवर चढणारं, असेल तर दोन्हींची गरज नाही, कारण ते बंदच ठेवायचं असतं. आणि लाल किंवा निळ्या रंगाचा कमरबंद-बोचा जुळा संच कृपया टाळा. काळ्याला काळंच हवं.

जॅकेटच्या कॉलरमध्ये खरी निवड दोनच: वर टोक असलेली पीक लॅपल (लॅपल म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी) आणि गोलाकार शाल कॉलर. पीकमुळे नजर खांद्यांकडे वर जाते, त्यामुळे बुटक्या किंवा रुंद माणसाला ती फायद्याची. शाल कॉलर मऊ दिसते, उंच-सडपातळ अंगावर खुलते, पण गोल चेहऱ्याखाली गोलाई आणखी वाढवते. खाचेची नॉच लॅपल दुकानांत भरपूर मिळते, तरी ती ऑफिसच्या सूटवरून आलेली आहे आणि तशीच दिसते. मी ती घेणार नाही. लॅपलवरचं रेशीम साटिनचं असेल तर बो साटिनची, बारीक रेघांचं ग्रोग्रेन असेल तर बोही त्याचीच.

काळा की मिडनाइट ब्लू? विजेच्या पिवळसर उजेडात काळं कापड कधी कधी हिरवट किंवा तपकिरी भासतं, तर गडद निळं काळ्याहून काळं दिसतं. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या ब्रिटिश राजपुत्राने हा रंग रुजवला तो उगाच नाही. पहिलंच जॅकेट घेत असाल तरी तो निर्धास्त घ्या.

आता भाड्याचं, तयार की शिवून घेतलेलं. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा: टेलरला काय दुरुस्त करता येतं आणि काय नाही. बाहीची लांबी, जॅकेटची कंबर, पॅंटची उंची, हे सहज होतं. शिलाईत माया असेल तर थोडं सैलही करता येतं. खांदा, मुंढा आणि जॅकेटची एकूण लांबी मात्र बदलणं जिकिरीचं आणि बहुधा निष्फळ. म्हणून तयार जॅकेट निवडताना आधी फक्त खांदा बघा. भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाआधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर जॅकेट मोठं आहे. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे, मध्ये फट नको. हात खाली सोडल्यावर कफ एक ते दीड सेंटीमीटर दिसावा.

भाड्याच्या जॅकेटला टेलरचा हात लागत नाही, त्यामुळे बाही आणि कंबर नशिबावर. एकाच संध्याकाळचा प्रश्न असेल आणि खांदा नीट बसत असेल तर भाडं ठीक. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लागणार असेल तर तयार जॅकेट घेऊन ते टेलरकडून बसवून घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शिवून घ्यावं ते ज्याचे दोन्ही खांदे सारखे नाहीत किंवा ज्याच्या मापाचं तयार काही मिळतच नाही, त्याने.

बो स्वतः बांधायची की तयार? बांधलेली किंचित वेडीवाकडी होते आणि तोच तिचा जिवंतपणा. तयार बो घालायचीच असेल तर खाली वळलेल्या कॉलरचाच शर्ट घ्या, म्हणजे मागची पट्टी आणि हुक झाकले जातात. उभ्या कॉलरवर ते उघडे पडतात. बोची रुंदी डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपलीकडे जाऊ देऊ नका.

शर्टाची छाती मार्सेलाची (पिकेसारख्या उठावदार विणीच्या कापडाची) असो की चुण्यांची, दोन्ही चालतात. मार्सेला ताठ राहतो, चुण्यांचा अंगाला मऊ लागतो. कफ दुहेरी दुमडायचे, कफलिंक आणि स्टड एकाच जातीचे. पेटंट लेदरचे, म्हणजे चकचकीत चामड्याचे, बूट नसतील तर साधे काळे ऑक्सफर्ड (नाडीचे बूट) आरशासारखे घासून घ्या. मोजे काळे, गुडघ्याखालपर्यंत येणारे, कारण पाय दुमडून बसलात की पोटरी उघडी पडते. शेवटची ट्रायल याच बुटांवर करा, कारण पॅंटची उंची टाचेप्रमाणे ठरते आणि तळाशी घडी पडलेली पॅंट या पोशाखात चांगली दिसत नाही.