'मॅचिंग सेट' म्हणून जोडकाम केलेलं फ्लायव्हील गळ्यात मारलं, जुन्या गाडीवाल्यांनो सावध

जुन्या ॲम्बॅसेडर, कॉन्टेसाचं इंजिन बदलायचं काम काढलं असेल आणि कुणी "फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट सगळा मॅचिंग सेट आहे, न्या आणि बसवा" असं सांगत असेल तर आधी हे वाचा. (फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड चकती. क्लच प्लेट तिला चिकटून ताकद गिअरबॉक्सला देते आणि प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते.) नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण पद्धत सगळी लिहितो, पद्धत कळली की माणूस समोर आल्यावर ओळखू येईल.

गाडी आमची ॲम्बॅसेडर मार्क फोर, मूळ इंजिन बीएमसीचं १४८९ सीसी. सपाटीला काय तक्रार नाही, पण आंबा घाटात चार माणसं बसली की मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव खातात. म्हणून इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल बसवायचं ठरलं, जे नव्वदच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सनं स्वतःच ॲम्बॅसेडरला दिलं होतं, सोबत पाच गिअरचा बॉक्स. (इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, ते कागद आधी करा, त्यावर परत कधीतरी.) इंजिन बरं मिळालं, बॉक्स मिळाला, फक्त इंजिनला फ्लायव्हील नव्हतं. हे नेहमीचंच आहे, गाडी भंगारात गेली की फ्लायव्हील, सेल्फ (स्टार्टर मोटर), बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लच झाकणारं कवच) सुटं विकलं तर जास्त पैसे होतात म्हणून ते आधी सुटतं. आणि उत्तरपाराचा कारखाना २०१४ लाच बंद पडला, त्यामुळं जे काय शोधायचं ते जुन्यातच.

एका जुन्या पार्टच्या व्यापाऱ्याचा नंबर मिळाला. माणूस बोलायला एकदम गोड. फोनवरच त्यानं इंजिन नंबरचा फोटो मागवला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचा फोटो मागवला, स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) मोजून सांगा म्हणाला, आता एवढं विचारणारा माणूस जाणकारच असणार असं कुणालाही वाटेल, आणि खरं सांगू का, जाणकार तो आहेच, त्याशिवाय असली फसवणूक जमत नाही.

दुकानात गेलो तर काउंटरवर सगळं मांडून ठेवलेलं. त्यानं एक कापलेला गिअरबॉक्सचा शाफ्ट काढला, क्लच प्लेट त्यावर सरकवून दाखवली, सुळकन गेली. फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट ठेवली, डॉवेल पिना बसल्या, बोल्ट हातानं फिरवले, सगळे बसले. "बघा साहेब, कुठं फट दिसती का? सेट म्हणजे सेट." आणि खरंच कुठं फट नव्हती. साडेचौदा हजार म्हणाला. बिल मागितलं तर वहीच्या पानावर कच्ची पावती, पक्कं पाहिजे तर जीएसटी वर द्यावा लागंल म्हणे. पैसे यूपीआयनं दिले, ते एक बरं झालं.

आता यातली मेख सांगतो. त्यानं दाखवलं ते सगळं खरं होतं, क्लच प्लेट शाफ्टला मॅच, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला मॅच. पण फ्लायव्हील जिथं बसतं तो क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, काउंटरवर नव्हताच! फ्लायव्हील हा मुळात इंजिनचा पार्ट. क्रँकच्या फ्लँजवरची बोल्टची भोकं, मधलं सेंटरिंग, पायलट बुशची (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या बुशची) जागा हे इंजिन ठरवतं. बाहेरच्या रिंगचे दात सेल्फच्या पिनियनशी जुळायला लागतात, आणि सेल्फ बसतो बेलहाउसिंगवर. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्लाइन गिअरबॉक्सच्या आणि बाहेरचा डाया प्रेशर प्लेटचा, म्हणजे ती बिचारी दोन्हीकडची. या सगळ्यातलं जे काउंटरवर दाखवता येतं तेवढंच हा माणूस दाखवतो, उरलेलं गाडीखाली गेल्यावर कळतं, आणि तोवर पैसे जिरलेले असतात.

आमचे मिस्त्री जुने, कमी बोलणारे. त्यांनी फ्लायव्हील क्रँकला लावून बोल्ट हातानं फिरवायला घेतले. सगळे गेले, एक शेवटचे दोन आटे जाईना. मी म्हणलं, मिस्त्री, पाना लावा की, बसंल. तर म्हणाले, "पान्यानं ओढला तर बसंल ओ, बसणारच. पण फ्लायव्हीलचा बोल्ट ओढून बसवायचा नसतो, तो आपणहून जायला पाहिजे. हे उद्यमनगरला न्या."

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, एका लेथवर नेलं. तिथले मामा सगळी हयात बिडाच्या कामात गेलेले. त्यांनी फ्लायव्हील हातात घेतलं, उलटं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्या पाठीला रंग कुणी मारला?" पाठ म्हणजे क्रँककडची बाजू. तिथं सिल्व्हर रंग होता. व्यापारी म्हणाला होता की गंज धरू नये म्हणून मारलाय. मामांचं म्हणणं, जो फेस दुसऱ्या फेसला टेकतो त्याला कुणी रंग मारत नाही, तेल नाहीतर ग्रीस लावून ठेवतात, रंगाचा थर मध्ये आला की फ्लायव्हील डुलतं. त्यांनी थिनरमध्ये फडकं बुडवून पाठ पुसायला सुरुवात केली. रंग निघाला तसे एकेका बोल्टच्या भोकाशेजारी चंद्रकोरीसारखे डाग दिसायला लागले, बाकी बीड काळपट करडं आणि हे डाग पांढुरके. जुनी भोकं बुजवली होती. भोकात लोखंडी तुकडा घालून वरनं वेल्डिंग, मग लेथवर फेस मारून (वरचा थर कापून) साफ, आणि शेजारी आमच्या क्रँकच्या मापानं नवीन भोकं पाडलेली, ती जुन्याच्या कडेवर चढलेली, म्हणून चंद्रकोर.

मामांनी डागाच्या कडेवर कानस ओढली तर घसरली, आवाजच वेगळा. बिडाला असं वेल्डिंग केलं की कडेचा भाग काचेगत कडक आणि ठिसूळ होतो. डायल (किती डुलतं ते दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून फिरवलं तर काटा नाचत होता, भोकं सेंटरला नव्हतीच. मग शेजारच्या शेडमधनं डाय पेनिट्रंटचे डबे आणले, कास्टिंगला चीर आहे का बघायला वापरतात ते, लाल रंग फवारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. पांढऱ्यावर एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. मामा काय बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

हे नुसतं पैशाचं नाही हे समजून घ्या. साधारण ३०० मिलीमीटरचं फ्लायव्हील ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगानं जात असते. आणि ते असतं कुठं तर पुढं बसणाऱ्या दोघांच्या पायांच्या पुढ्यात, मध्ये बेलहाउसिंग आणि पत्रा. वजनावरनं मामा म्हणाले की हे मूळचं कुठल्यातरी डिझेलचं असणार, म्हणजे आणखी जड. ज्या कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत बीड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत तिथल्या माणसाला असलं बीड विकायचं, धाडस बघा राव.

मग बाकीचा सेट पण तपासला. प्रेशर प्लेट डब्यात होती, वरनं नवीकोरी काळी. पण रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की प्रेशर प्लेट सोडवणारं) जिथं टेकतं त्या फिंगरच्या टोकांवर बोट फिरवलं की खाच लागत होती, रंगाखाली गेलेली. नव्या प्लेटला खाच कशी पडंल? क्लच प्लेटला लायनिंग नवीन मारलेलं पण मधला हब जुना, स्प्रिंगा बोटानं हलत होत्या. रिंगच्या दातांवर एका ठिकाणी निळसर झाक होती. रिंग गरम करूनच फ्लायव्हीलवर चढवतात, पण गॅसनं एकाच जागी जास्त तापवली की पोलाद निळं पडतं आणि दात मऊ होतात, मग सेल्फ ते चावून खातो.

व्यापाऱ्याला फोन केला तर आधी "असं होणारच नाही साहेब". फोटो पाठवले तर "तुमच्या मिस्त्रीनंच वेल्डिंग केलं असंल". लेथवरचा व्हिडिओ पाठवला तर म्हणतो, "तुम्ही लेथला लावलंत ना, आता माझी जबाबदारी संपली." हीच त्याची खरी चाल आहे, तपासायचं म्हणलं तर लेथला लावावं लागतं आणि लावलं की परत घेणार नाही. शेवटी नोटीस पाठवायची भाषा केल्यावर प्रेशर प्लेटचे पैसे परत आले, फ्लायव्हीलचे नाहीत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखापर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळं कच्ची पावती आहे म्हणून गप्प बसू नका, यूपीआयची नोंद आणि चॅट जपून ठेवा, चॅट डिलीट करून टाका असं तो गोडीत सांगतो, करू नका.

आमचं काम नंतर एका पेट्रोल कॉन्टेसाच्या इंजिनवरनं झालं. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर त्यात हेच १८०० इसुझू असतं, आणि फ्लायव्हील क्रँकवर असताना बघितलं, माझ्यासमोर सोडवलं, बोल्टसकट आणलं. मामांनी नुसता फेस मारून बॅलन्सिंगला पाठवलं. एक सांगतो, फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे क्लच घासतो तो भाग आणि प्रेशर प्लेट बसते तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असेल, तर एका बाजूला जेवढं मारलं तेवढंच दुसऱ्या बाजूला मारून घ्या, नाहीतर क्लच एकतर सुटणार नाही नाहीतर स्लिप होणार. घाईतले लेथवाले हे विसरतात.

आणि ज्यांनी गेल्या वर्षभरात पाठीला सिल्व्हर रंग मारलेलं फ्लायव्हील सेटमध्ये घेतलंय आणि गाडी चालू आहे, थोडं व्हायब्रेशन आहे पण चालतंय म्हणून सोडून दिलंय, त्यांनी कृपा करून गाडी काढू नका. गिअरबॉक्स उतरवा, फ्लायव्हील खोला, पाठ थिनरनं पुसा. इचलकरंजीच्या एका ओळखीच्यानं माझं ऐकून काल खोललं, त्याच्याकडं पण तसलेच डाग निघालेत, आता आम्ही दोघं मिळून आयोगात जातोय, आणखी कुणाकडं निघाले तर फोटो काढून ठेवा, रंग पुसायच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही.