माझाच फोटो, त्यांची ‘लागवड’

विमानप्रवासाचं कार्बन ऑफसेट, म्हणजे प्रवासात हवेत गेलेल्या कार्बनची भरपाई, विकणाऱ्या एका कंपनीने मला आणि माझ्यासारख्या इतर हौशी फोटोग्राफरांना फसवलं. तक्रार अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. तशीही असली कंपनी नाव बदलून पुन्हा उभी राहायला वेळ लागत नाही. तिची पद्धत मात्र खोलात जाऊन सांगते, कारण तीच पद्धत वेगळ्या नावाने तुमच्यापर्यंत येऊ शकते.

मी फोटो काढण्यासाठी प्रवास करते. पोटापाण्याचा धंदा नाही, हौस आहे. जंगलं, हिमनद्या, समुद्रकिनारे. लांब जायचं म्हटलं की विमान आलंच. ज्या बर्फाचा फोटो काढायला जायचं, त्याच्या वितळण्यात आपल्या या उड्डाणाचाही वाटा आहे, हे मनाला लागून राहतं. नेमकी ही टोचणी ओळखून कंपनीने प्रवासी फोटोग्राफरांच्या ग्रुपांत जाहिरात फिरवली होती. उड्डाणाची माहिती भरा, किती टन कार्बन डायऑक्साइड झाला ते बघा, तेवढ्याचे पैसे द्या, आम्ही झाडं लावतो. सोबत तुमच्या नावाचं सर्टिफिकेट, दरवर्षी झाडांचा सचित्र अहवाल, आणि तुम्ही काढलेले प्रवासाचे फोटो त्यांच्या गॅलरीत. फोटो पाठवताना ज्या अटींवर टिचकी मारायची, त्यांत ‘प्रसिद्धीसाठी वापर’ असं एक वाक्य होतं. तसं ते सगळीकडेच असतं.

पुढचं कळायला हा व्यवहार मुळात कसा चालतो ते सांगायला हवं. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड कुठेतरी कमी सोडला गेला किंवा हवेतून काढून घेतला गेला, याचा दाखला. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा संस्था या दाखल्यांच्या नोंदवह्या ठेवतात. प्रत्येक क्रेडिटला अनुक्रमांक असतो. ते कोणाच्या तरी नावे वापरलं की ‘रिटायर’ होतं, म्हणजे कायमचं बाद. पुन्हा विकता येत नाही. या नोंदी कोणालाही इंटरनेटवर उघडून बघता येतात. माझ्या सर्टिफिकेटवरही लांबलचक आकडा होता, खाली सही होती, शिक्का होता. तो आकडा कंपनीच्या स्वतःच्या ऑर्डरचा नंबर निघाला. कुठल्याही नोंदवहीशी त्याचा संबंध नव्हता.

हे उघड झालं ते एका मैत्रिणीमुळे. ती पक्ष्यांचे फोटो काढते, आणि तिनेही याच कंपनीकडून ऑफसेट घेतलं होतं. तिला आलेला वार्षिक अहवाल तिने मला सहज पाठवला. त्यात पानभर फोटो होता: धुक्यातली झाडं, वर फिकट आकाश, खाली ओळ, ‘तुमच्या रोपांची दुसऱ्या वर्षाची वाढ’. फोटो बघताक्षणी ओळखीचा वाटला. मी मोठा करून पाहिला. आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात एक राखाडी ठिपका होता, कडा विरलेल्या. त्या प्रवासात माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धुळीचा कण बसला होता आणि लेन्सचं छिद्र बारीक केलं की तो प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी उमटायचा. बाकीच्या फोटोंमधून मी तो पुसला होता, गॅलरीला पाठवलेल्या या एकात राहून गेला होता. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, काढून शेजारी लावली. ठिपका तिथेच, वाकडी फांदी तिथेच, धुक्याची किनार तीच. ते जंगल नैसर्गिक आणि जुनं आहे. खोडं माणसाच्या कवेत न मावणारी, त्यांच्यावर दगडफुलाचे थर. दोन वर्षांची रोपं अशी दिसत नाहीत, हे फोटोग्राफी न येणाऱ्यालाही कळेल. पण अहवाल वाचणारा माणूस झाडांचं वय बघत नाही, हिरवा रंग बघतो.

त्यानंतर मी अहवालात दिलेले अक्षांश-रेखांश तपासले. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, 10 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, आणि ते दर थोड्या दिवसांनी त्याच जागेवरून जातात. त्याहून मागे जायचं असेल तर लँडसॅट आहे, त्या मालिकेतला पहिला उपग्रह 1972 मध्ये सोडला होता. निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, वापरून केलेल्या चित्रात दाट झाडी लालभडक दिसते. कंपनीने सांगितलेल्या लागवडीच्या कितीतरी आधीच्या चित्रांतही तो तुकडा तसाच लालभडक होता. उजाड जमिनीवर झाडं लावल्याचा दावा ज्या जागेबद्दल होता, ती जागा कधी उजाड नव्हतीच.

कंपनीला लिहिलं. आधी उत्तर आलं की फोटो ‘प्रातिनिधिक’ आहे. मग अनुक्रमांक मागितला. बरेच दिवस टाळाटाळ झाली आणि अखेर एक अनुक्रमांक आला. नोंदवहीत शोधला तर तो एका पवनऊर्जा प्रकल्पाचा, आणि ती क्रेडिट्स एका भलत्याच कंपनीच्या नावे केव्हाच रिटायर झालेली. आम्हाला विकलं झाडांच्या नावाने, आणि तेही दुसऱ्याने वापरून संपवलेलं.

या कंपनीचा उड्डाणाचा हिशेबही लंगडा होता, ते नंतर लक्षात आलं. तिकीट कोणत्या वर्गाचं, हे त्यांचं गणित विचारतच नसे. ऐसपैस आसनाचा प्रवासी विमानातली जास्त जागा अडवतो, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त इंधन येतं. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांचा आणि उंचावर सोडलेल्या इतर वायूंचा तापमानवाढीत मोठा हात असतो, तोही कुठे धरलेला नव्हता. आणि वेळेचा तर विचारच नाही. विमान काही तासांत टनावारी कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. रोप तो शोषायला पुढची कित्येक दशकं घेतं, तेही जगलं, तोडलं गेलं नाही, जळलं नाही तर. 2021 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये बूटलेग नावाचा वणवा पेटला, त्यात ऑफसेट म्हणून विकलेलं जंगलही जळालं. ते जंगल तरी खरं होतं.

कंपनी बनावट होती, एवढ्यावर हा विषय मिटला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. नोंदवहीतली, रीतसर तपासणी झालेली क्रेडिट्सही डोळे मिटून घ्यावीत अशी नाहीत. 2023 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या 26 जंगल-बचाव प्रकल्पांचा अभ्यास आला. त्यातल्या बहुतेकांनी जंगलतोड लक्षणीय कमी केल्याचं दिसलं नाही, आणि ज्यांनी केली त्यांचा परिणाम दाव्यापेक्षा बराच कमी होता. कमी इंधन जाळणाऱ्या सुधारित चुलींच्या प्रकल्पांबद्दल 2024 च्या एका अभ्यासात क्रेडिट्स जवळजवळ नऊपट फुगवलेली आढळली. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या पर्यावरणस्नेही उड्डाणाच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

सगळ्याची मेख एका प्रश्नात आहे: हे पैसे आले नसते तर काय झालं असतं? जे जंगल तसंही कोणी तोडणार नव्हतं, ते ‘वाचवलं’ म्हणून क्रेडिट विकलं तर हवेत काहीच फरक पडत नाही. आणि ‘नाहीतर काय झालं असतं’ हे ठरवतो कोण, तर बऱ्याचदा क्रेडिट विकणाराच. तो आकडा जितका भयंकर दाखवेल, तितकी त्याची क्रेडिट्स जास्त.

माझे मामा हवामानबदल मानत नाहीत. त्यांना ही हकीकत कळल्यावर ते म्हणाले, “अगं, मी कधीपासून सांगतोय. सगळा बाजार आहे. आधी भीती घालायची, मग भीतीवरचं औषध विकायचं.” मला याचं फार वाईट वाटलं. गेलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे. मामांची शंका ऑफसेटबद्दल शंभर टक्के रास्त आहे. “तुझ्या पैशाने झाड लागलं कशावरून? आणि तुझ्या पैशाशिवाय ते नसतंच लागलं कशावरून?” हे त्यांनी मला आधीच विचारलं होतं, आणि संशोधकही नेमकं हेच विचारतात. पण तिथून ते एकदम पलीकडे उडी मारतात, तिथे मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही.

मी त्यांना म्हटलं, “मामा, फुगवलेल्या क्रेडिट्सचा हा लबाडीचा हिशेब कोणी पकडला? हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनीच ना?” कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली, तेव्हा विकायला क्रेडिट नव्हतं आणि विमानही नव्हतं. हवाईतल्या मौना लोआ इथे 1958 पासून हवेतलं त्याचं प्रमाण मोजतात. तेव्हा दहा लाखांत साधारण 315 भाग होतं, आता 420 च्या वर आहे. हा वाढीव कार्बन कोळसा आणि तेलातून आलाय हेही ओळखता येतं, कारण कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या इंधनात कार्बन-14, म्हणजे काळानुसार नष्ट होत जाणारा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, उरलेला नसतो. ऑफसेट विकणारे सगळेच्या सगळे उद्या चोर निघाले तरी यातलं एकही मोजमाप बदलत नाही.

मामा म्हणाले, “बर्फाचे फोटो तरी खरे कशावरून? एक हिवाळ्यातला, एक उन्हाळ्यातला लावला की झालं.” हा प्रश्न मला आवडला, कारण तो माझ्या प्रांतातला आहे. अमेरिकेतल्या मोंटानामधल्या ग्लेशियर नॅशनल पार्कात तिथल्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 1997 पासून जुन्या फोटोंच्या जागा शोधून त्याच ठिकाणाहून पुन्हा फोटो काढलेत. डोंगरकड्यांच्या रेषा जुन्या प्रिंटशी जुळेपर्यंत पावलापावलाने सरकायचं. ऋतूही जुळवायचा, म्हणजे हंगामी बर्फ आणि हिमनदीचं कायमचं बर्फ यांची गल्लत होत नाही. फोटो कधी काढला, कुठून काढला, कोणी काढला हे लिहिलेलं असलं की कोणीही तिथे जाऊन ताडून बघू शकतो. मामांना मी ते फोटो दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मत बदललं असं मी म्हणणार नाही, पण पुढचे प्रश्न विचारले.

तर कोणी तुमच्या उड्डाणाची भरपाई करून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी नोंदवहीतला प्रकल्प क्रमांक मागा, आणि क्रेडिट तुमच्या नावे रिटायर झाल्याची नोंद तुम्ही स्वतः उघडून पाहिली पाहिजे, त्यांनी पाठवलेली पीडीएफ नव्हे. अनुक्रमांकाऐवजी नुसता फोटो मिळाला तर तिथेच थांबा. फोटो मिळालाच तर रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाका, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते कळतं. कोणी आणि कधी काढला ते विचारा. कार्बन आधीच शोषला गेलाय की पुढे कधीतरी शोषला जाणार आहे, हेही विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर दुसरं कुठलंच उत्तर ऐकत बसू नका. मी आता ऑफसेट घेत नाही. विमानाने कमी जाते, गेले तर जास्त दिवस राहते, आणि जंगल राखणाऱ्यांना पैसे देते ते देणगी म्हणून. त्या पैशांनी माझा प्रवास धुऊन निघाला असं म्हणत नाही.

आमच्यापैकी ज्यांनी कार्डाने पैसे भरले होते, त्यांनी बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी केली. त्याला मुदत असते, त्यामुळे मला फक्त शेवटच्या खरेदीचे पैसे परत मिळाले, आधीचे गेले. ज्या नोंदवहीतला अनुक्रमांक त्यांनी वापरला, तिलाही कळवलं आहे. फोटोच्या गैरवापराची तक्रार वेगळी केली, तिला रॉ फाइल जोडली. त्यांच्या गॅलरीला फोटो पाठवलेल्या आणखी काही जणांनी शोध घेतला, तेव्हा दोघांचे फोटो इतरांच्या अहवालांत ‘लागवड’ म्हणून सापडले. अशा कुठल्याही गॅलरीला तुम्ही फोटो दिले असतील तर ते आज कुठे दिसतात ते शोधा, आणि मूळ फाइली पुसू नका.