मेलबर्नच्या भिंतीवर आपला प्लग पॉइंट

तीन लाख बारा हजार. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाच्या नावाखाली एजंटने मला एवढ्याला बुडवलं. आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

मी इलेक्ट्रिशियन. आयटीआय, वायरमनचं लायसन्स, पॅनल आणि मोटर कंट्रोलवर अकरा वर्षं. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं त्यात सगळ्यात लाज आणणारी गोष्ट हीच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाआधी स्किल असेसमेंट, म्हणजे आपल्या कामाच्या कौशल्याची तपासणी, करावं लागतं, हे या वाटेला लागलेल्यांना सांगायला नको. एजंटांचा साचाही माहीत असेलच. आधी स्वस्तातलं 'प्रोफाइल चेक', मग फाइल, मग 'दादा, आजच भरा, कोटा संपत आलाय'. मी भरलं ते असं: रजिस्ट्रेशन 5,000, फाइल 85,000, असेसमेंट फी 1,20,000, इंटरव्ह्यूची तयारी 40,000, आणि रिझल्ट हातात आल्यावर व्हिसा लॉजमेंटचे, म्हणजे अर्ज दाखल करण्याचे, म्हणून 62,000. त्यातले 1,20,000 पतपेढीचं कर्ज. असेसमेंटची फी एका बाईंच्या वैयक्तिक खात्यावर भरायला लावली. 'आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत, फॉरेक्सचं त्याच बघतात.' मी विचारलंही नाही. खरी फी आपण आपल्या लॉगिनमधून थेट असेसमेंट करणाऱ्या संस्थेला भरायची असते. लॉगिन एजंटच्या ईमेलवर उघडलेलं असेल तर ती फाइल तुमची नाहीच.

आता इंटरव्ह्यू. रात्र जागून काढावी अशी गोष्ट हीच.

व्हिडिओ कॉलवर टाय लावलेला माणूस. 'मेलबर्नहून बोलतोय' म्हणाला. इंग्रजी आपल्यासारखंच, पण तिकडे आपली माणसं कमी का आहेत, असं मीच स्वतःला समजावलं. प्रश्न कसले, तर ओहमचा नियम सांगा, अर्थिंग का करतात, एमसीबी आणि फ्यूजमध्ये फरक काय. अॅप्रेंटिसला विचारतात ते. आयसोलेशन, म्हणजे कामाआधी वीज तोडून सुरक्षित करणं, कसं करता, टेस्टिंगचा क्रम काय, यातलं काही नाही. माझं ओळखपत्रही बघितलं नाही. बावीस मिनिटांत 'व्हेरी गुड'.

आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे भिंतीवर स्विचबोर्ड होता. पंख्याचा रेग्युलेटर, त्याखाली गोल तीन भोकांचा सॉकेट. आपला. ऑस्ट्रेलियात गोल पिन चालतच नाही. तिथल्या सॉकेटला दोन चपट्या तिरक्या फटी आणि खाली एक उभी. हे मला माहीत होतं. तिथे जायचं म्हणून तिथले वायरिंगचे नियम मी दोन महिने वाचत होतो. तो बोर्ड मला दिसला. दिसला, आणि मनात आलं की ऑफिस एखाद्या भारतीयाचं असेल. अकरा वर्षं सॉकेट बसवणाऱ्या माणसाच्या मनात हे आलं! कुणी भारतातून बोर्ड नेऊन मेलबर्नच्या भिंतीत बसवेल का?

बायकोने त्याच रात्री विचारलं, "एवढी सोपी असते का हो परीक्षा?" मी तिच्यावरच डाफरलो.

नऊ दिवसांनी रिझल्टचं पत्र आलं. कोट ऑफ आर्म्स म्हणजे ऑस्ट्रेलियाचं राजचिन्ह, शिक्का, सही, आणि 'पूर्ण पात्र इलेक्ट्रिशियन'. इथेही कळायला हवं होतं. इलेक्ट्रिशियनचं काम तिथे लायसन्सचं, त्यामुळे ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या कौशल्य तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या मार्गाने भारतातून पास झालं तरी हातात पडतो तो ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड. पुढचं ट्रेनिंग आणि त्या त्या राज्याचं लायसन्स तिकडे पोचल्यावर. भारतात बसून कुणी 'पूर्ण पात्र' होत नाही. पण तोवर मी 62,000 भरून मोकळा झालो होतो.

मला मूर्ख म्हणा, पण ऑफिस खरं होतं, एसी होता, भिंतीवर व्हिसा मिळालेल्यांचे फोटो होते. शिकलेली माणसंही रांगेत होती.

शंका आली ती फाइलची कॉपी मागितल्यावर. त्यात मी कधीच काम न केलेल्या कंपनीचं दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र, खाली माझी सही. माझी नव्हे, माझ्यासारखी. हे खरंच दाखल झालं असतं तर खोट्या कागदांच्या नियमाखाली व्हिसा नाकारून तीन वर्षांची बंदी बसू शकते. आणि ती एजंटवर नाही, आपल्यावर. चोराने काहीच दाखल केलं नव्हतं म्हणून मी वाचलो, हा विनोद मला अजून पचलेला नाही.

यानंतर दारं ठोठावली. पोलीस ठाण्यात पावत्या बघून म्हणाले, "यावर कन्सल्टन्सी चार्जेस, नॉन रिफंडेबल लिहिलंय. सही तुमचीच ना? दिवाणी मामला आहे." इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग दाखवलं, सॉकेट दाखवला. हवालदार म्हणाले, "सॉकेट काय हो, कुठलाही असतो." वर, "कॉल ऑनलाइन होता ना? मग सायबरकडे जा." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही ऑफिसात बसून, माणूस बघून दिलेत, ठाण्यातच जा. सहा फेऱ्या, सहा खाडे. परदेशी नोकरभरतीचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. 1983च्या कायद्याने भरती एजंटला परवाना लागतो आणि त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ऐकून बरं वाटलं. तर साहेब म्हणाले, "याने नोकरी कुठे दिली? व्हिसा सल्ला विकला. आमच्यात बसत नाही." म्हणजे नोकरीचं खोटं आश्वासन दिलं तर गुन्हा, आणि नोकरीच्या आधीच्या पायरीवर लुटलं तर कुणाचंच खातं नाही! ऑस्ट्रेलियाला लिहिलं तर उत्तर आलं की हा माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही. तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला सात आकडी नंबर असतो आणि यादी कुणालाही बघता येते. ती मी नंतर बघितली, हे वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियाबाहेर बसणाऱ्याला ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नंबर नाही म्हटल्यावर 'भारतात लागत नाही' हे उत्तर ठरलेलं. तुम्ही नंबरवालाच शोधा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, माझ्यासारखे एक्केचाळीस दिवस थांबू नका. आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. वकिलांनी 15,000 घेतले, तेही या हिशोबात धरलेले नाहीत. पतपेढीचा हप्ता दर महिन्याच्या 7 तारखेला जातोच.

रिझल्टचं पत्र हातात असेल आणि परीक्षा सोपी गेली असेल, तर त्यावरचा नंबर संस्थेच्या अधिकृत ईमेलवर स्वतः पाठवून विचारा, एजंटमार्फत नको. मला चार दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं: असा नंबर आमच्याकडे नाही.